ओलीचा उगम शोधून देणारी सेवा : जुळे सोलापुरातील घराचा एका पावसाळ्याचा अनुभव

सोलापूर म्हटले की ऊन, धूळ आणि काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी एवढेच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते. त्यामुळे आमच्या घराला पावसाची ओल लागते असे सांगितले की आमचे कोकणातले व्याही हसतात. पावसाच्या छायेतला हा जिल्हा. येथे मुंबईच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका पाऊस पडतो. मात्र तो भुरभुर पडत नाही. मृगात चार थेंब टाकून तो दडी मारतो आणि सप्टेंबरात, उत्तरा-हस्त नक्षत्रांत, संध्याकाळी ढगांच्या गडगडाटासह येऊन तासा-दोन तासांत सगळी उधारी चुकती करतो. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीच्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पहिल्यांदा पिवळा डाग उमटला आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात तो वाढत गेला.

घर १९९७ सालचे, तळमजला आणि वर एक मजला, गच्ची सुमारे ९०० चौरस फूट. मधल्या काळात आम्ही तीन उपाय केले. आधी खोलीच्या आतून ओलरोधक रंग दिला, तो दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे धरून सुटला. नंतर बाहेरच्या भिंतीवरील भेगा पांढऱ्या सिमेंटने भरून घेतल्या. शेवटी ओळखीच्या एका गवंड्याकडून गच्चीवर ‘केमिकल’ घातलेल्या सिमेंटचा पातळ हात फिरवून घेतला. तिन्ही मिळून अडतीस हजार रुपये गेले आणि डाग तसाच राहिला. चौथ्या वेळी एका ठेकेदाराने गच्चीवर न चढताच, खोलीतला डाग पाहून, गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे कोबा, संपूर्ण फोडून नवा करण्याचा एक लाख साठ हजारांचा अंदाज दिला. तेव्हा एका सहकाऱ्याने जुळे सोलापुरातीलच एका सेवेचे नाव सुचवले. दोष आणि गुण दोन्ही मोकळेपणाने लिहायचे असल्याने ते नाव येथे घेतलेले नाही.

या सेवेचे वेगळेपण एवढेच की ती तपासणीचे पैसे वेगळे घेते. दोन मजल्यांपर्यंतच्या घरासाठी साडेतीन हजार रुपये, आणि काम त्यांच्याकडून करून घेतले नाही तरी ते परत मिळत नाहीत. ‘नुसते बघण्याचे पैसे कसले?’ हा माझा पहिला प्रश्न होता. आज मागे वळून पाहता, एकूण खर्चात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे हेच होत.

तपासणीसाठी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक तरुण अभियंता आणि त्याच्यासोबत एक वयस्क मिस्त्री असे दोघे आले. डाग दाखवण्यासाठी मी त्यांना थेट वरच्या खोलीत घेऊन जाणार, तोच अभियंता म्हणाला, “काका, पाणी कुठे दिसते ते नंतर बघू. आधी मला एवढे सांगा, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने गळते, आणि थांबल्यावर किती वेळ गळत राहते?” हा प्रश्न आजवर कोणीही विचारला नव्हता. पाऊस लागल्यावर पाच-सहा तासांनी ओल उतरू लागते आणि उघडीप पडल्यावरही दोन दिवस उतरतच राहते, असे मी सांगितले. पाणी पावसाबरोबर लगेच उतरत असेल तर त्याला वरून सरळ वाट मिळालेली असते. उशिरा सुरू होऊन उशिरा थांबत असेल तर ते मध्ये कुठेतरी साठते, आणि गच्चीत ते साठण्याची जागा म्हणजे स्लॅब आणि त्यावरील विटांच्या तुकड्यांचा कोबा यांच्यामधला थर, असे त्याचे स्पष्टीकरण होते. कोबा वरून घोटलेला, गुळगुळीत दिसतो. आतून मात्र तो स्पंजासारखा असतो. एकदा पाणी प्यायला की तो ते स्लॅबच्या सखल भागाकडे सावकाश सोडत राहतो, म्हणूनच खालचा डाग आणि वरची भेग यांच्यात दहा-बारा फुटांचे अंतर असू शकते. नेमका डागाच्या डोक्यावरचाच कोबा फोडणारे ठेकेदार का फसतात, हे मला तेव्हा उमगले.

गच्चीवर त्यांनी सुमारे दीड तास घालवला. कठड्याची वरची बाजू त्यांनी सर्वांत आधी पाहिली, हे मला विशेष वाटले, कारण आम्ही सगळे आजवर पायाखालच्या फरशीकडेच पाहत होतो. आमचा कठडा विटांचा, वर साधा गिलावा. ना त्याला आतल्या बाजूस ढाळ, ना वर शहाबादी फरशीची टोपी. मे महिन्यात येथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो आणि गच्चीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. काँक्रीटचा दहा मीटर लांबीचा पट्टा तीस अंशांच्या फरकाने साधारण तीन मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. तापलेल्या गच्चीवर वळवाची सर आली की हेच आखडणे काही मिनिटांत घडते. कठड्याच्या विटा आणि स्लॅबचे काँक्रीट यांची ही हालचाल सारखी नसते, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर भेग पडते आणि कठड्याच्या माथ्यावरचा गिलावाही केसासारख्या भेगांनी चिरतो. पाणी माथ्यातून विटांत, विटांतून सांध्यात आणि सांध्यातून कोब्याखाली जाते. सांध्यावर सिमेंटचा जो गोलाकार वाटा मारलेला असतो, तो आमच्याकडे पश्चिमेच्या संपूर्ण बाजूने कठड्यापासून सुटलेला होता. त्यात मिस्त्रींनी पोस्टकार्ड उभे घालून दाखवले. पावसाळ्यातील वारा येथे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो, म्हणून तीच बाजू सर्वाधिक भिजते.

दुसरे कारण अधिक साधे आणि आमच्या निष्काळजीपणाचे होते. संपूर्ण गच्चीला पाणी जाण्यासाठी एकच तीन इंची नळी आणि तिच्या तोंडाशी बारीक जाळी. शेजारच्या कडुनिंबाचा पाला त्या जाळीवर बसला की गच्चीचे तळे होते. अभियंत्याने हिशेब मांडून दाखवला : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची ८४ चौरस मीटर भरते. पन्नास मिलिमीटरची एक जोरदार सर म्हणजे बेचाळीसशे लिटर, अर्थात टँकरभर पाणी, आणि त्याला जायला पाल्याने तुंबलेले एक भोक. शिवाय नळीभोवतीचा कोबा दबून तेथे खोलगट भाग झाला होता, म्हणजे तळे नेमके फटीच्या तोंडाशी साचत होते.

पुढची गोष्ट खास सोलापूरची आहे. गळतीची खात्री करण्यासाठी गच्चीत पाणी बांधून चोवीस तास ठेवण्याची चाचणी सर्वत्र करतात. परंतु मे महिन्यात, पाणी चार-पाच दिवसांआड येत असताना, संपूर्ण गच्ची भरायला पाणी आणायचे कोठून? माझ्या सौभाग्यवतींनी तर ही कल्पना ऐकताच हौदाच्या झाकणावर बसण्याची तयारी केली. यावर अभियंता आणि मिस्त्री यांनी काढलेला मार्ग कौतुकास्पद होता. विटा आणि मातीचे बांध घालून गच्चीचे चार भाग केले, एका भागात चार सेंटिमीटर पाणी, म्हणजे साधारण साडेआठशे लिटर, बांधले आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी छोट्या पंपाने पुढच्या भागात घेतले. चार दिवस लागले, पण नवे पाणी फारसे लागले नाही. नळीकडच्या भागात पाणी बांधल्यावर विसाव्या तासाला खोलीच्या कोपऱ्यात ओल दिसली. उरलेल्या तिन्ही भागांखाली छत कोरडे राहिले. एक लाख साठ हजारांचा अंदाज तेथेच निकालात निघाला.

मात्र तपासणीतील खरी हुशारी दिसली ती उत्तरेकडच्या भिंतीवर. जिन्यालगतच्या या भिंतीवरही ओल होती, बाहेरून हिरवट शेवाळ आणि आतून लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, आणि आम्ही तीसुद्धा पावसाच्याच खाती टाकली होती. अभियंत्याने विचारले की मे महिन्यात, पाऊस नसताना, ही भिंत ओली कशी? आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर नळाला पाणी येण्याच्या तारखांभोवती गोल केलेले असतात. त्याने दोन आठवडे भिंतीवरील ओलीची कड पेन्सिलने, तारीख घालून आखायला सांगितली. प्रत्येक गोलानंतरच्या सकाळी कड वर-खाली पसरलेली आणि पुढच्या गोलापर्यंत ती आखडत गेलेली, असे चित्र स्पष्ट दिसले. पाणी येते त्या रात्री मोटार लावून वरची टाकी भरताना ती ओसंडून वाहत असे. ओसंडणाऱ्या पाण्याची नळी जेमतेम वीतभर लांब होती. तिचे पाणी टाकीखालचा कोबा भिजवून कठड्याच्या भोकातून भिंतीवर उतरत होते. पहाटेच्या झोपेत हे कोणाच्या लक्षात येणार! नळी जमिनीपर्यंत वाढवणे आणि टाकीत तरंगत्या गोळ्याची झडप बसवणे, एवढ्या बाराशे रुपयांच्या कामात ती ओल थांबली. पाणी येण्याच्या दिवशी प्रत्येक घर हौद आणि टाकी तुडुंब भरून घेते, अशा आपल्या शहरात पावसाच्या नावावर खपणारी किती ओल प्रत्यक्षात टाकीची असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर थेंब कडेवरून सुटून न पडता खालच्या अंगाने सरकत भिंतीपर्यंत जातो. आमच्या दोन छज्जांना ती नव्हती. सरकत्या ॲल्युमिनिअम खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी असलेली बारीक भोके धुळीने बुजली होती, त्यामुळे वाऱ्याबरोबर आलेले पाणी पट्टीत साचून आत सांडत होते. मिस्त्रींनी ती तारेने मोकळी करून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाविषयी, जेथे माझे समाधान अर्धेच आहे. कठड्याच्या माथ्यावर आतल्या बाजूस ढाळ देऊन शहाबादी फरशी बसवणे, पश्चिमेचा वाटा तोडून भेगेत लवचीक मसाला भरून नवा वाटा मारणे, नळी चार इंची करून उलट बाजूस दुसरी नळी काढणे, छज्जांना खाचा करणे आणि शेवटी संपूर्ण गच्चीवर ॲक्रिलिक लेपाचे दोन हात देणे, असे काम ठरले. लेप पंचेचाळीस रुपये चौरस फूट, म्हणजे साडेचाळीस हजार, आणि बाकीची कामे सोळा हजार. वाटा आणि फरशी यांचे काम मिस्त्रींनी स्वतः उभे राहून केले आणि ते निर्दोष आहे. लेप देणारी मुले मात्र वेगळी होती, बहुधा ठेक्यावरची. त्यांनी गच्ची झाडली, पण धुतली नाही. पहिला हात पुरता वाळण्याआधी संध्याकाळीच दुसरा देऊ लागली. मी हटकल्यावर काम दुसऱ्या दिवसावर गेले. पाणी वाचवण्यासाठी गच्ची धुतली नाही, हे त्यांचे उत्तर आमच्या शहरात पटण्यासारखे वाटते, पण धुळीवर दिलेला लेप काँक्रीटला नव्हे तर धुळीला चिकटतो.

जुलैअखेर टाकीजवळ लेपाला ताटाएवढा फुगा आला. यातील विसंगती अशी की टाकीच्या ओसंडण्याने तेथला कोबा भिजलेला आहे, हे याच सेवेने शोधून काढले होते आणि तो वाळण्याची वाट न पाहता त्यावर लेपही याच सेवेने दिला. आतले पाणी उन्हाने वाफ होऊन वर येते आणि बाहेर पडायला वाट नसली की लेपाला उचलते. तपासणी करणारे आणि लेप देणारे यांच्यात निरोपही पोहोचत नसेल तर अहवालाचा उपयोग काय, असे मी फोनवर जरा चढ्या आवाजातच विचारले. तीन फोन झाल्यावर ऑगस्टच्या मध्यात माणसे आली. त्यांनी फुगा कापून, आठवडाभर उघडीप मिळेपर्यंत जागा तशीच ठेवून, मग तुकडा विनामूल्य दुरुस्त केला. दुरुस्ती चांगली झाली, हे मान्य केले पाहिजे.

अहवालाबद्दलही एक तक्रार आहे. अकरा पानांचा हा अहवाल छायाचित्रांसह नेटका आहे, पण संपूर्ण इंग्रजीत. बोलणे सारे मराठीत, गिऱ्हाईक मराठी, काम करणारा गवंडी मराठी किंवा तेलुगू बोलणारा. तेव्हा ज्याला त्यावरून हात चालवायचा आहे त्यालाच तो वाचता येत नाही. टाकीजवळच्या फुग्याचे मूळ कदाचित येथेच असावे. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची रंगीत छायाचित्रेही अहवालात भरपूर आहेत. ती दिसायला प्रभावी असली तरी तो कॅमेरा पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातील फरक दाखवतो; ओली जागा बाष्पीभवनाने थंड होते म्हणून ती वेगळ्या रंगात उठते, पण तशी ती सावलीनेही उठू शकते. आमच्या घरी निदान झाले ते पाणी बांधून आणि पेन्सिलीच्या रेघांनी, कॅमेऱ्याने नव्हे.

शुक्रवार पेठेतील आमच्या काकांच्या जुन्या घरी याच मंडळींना नेले, तेव्हा मात्र त्यांच्या ज्ञानाची मर्यादा दिसली. ते घर दगड-मातीच्या दीड हात रुंद भिंतींचे. मूळचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, काढून आता वर पत्रे घातले आहेत. माळवद होते तोवर दर उन्हाळ्याच्या अखेरीस छतावर पांढऱ्या मातीचा नवा थर पसरण्याचा रिवाज होता. पहिल्या पावसात ती माती फुगून आपल्याच बारीक फटी बुजवत असे. छताचा प्रश्न आज नाही. प्रश्न तळाचा आहे. समोरचा रस्ता थरावर थर चढून उंबऱ्याच्या वर गेला आहे, पावसाचे पाणी भिंतीच्या पायाशी थांबते आणि तेथून केशाकर्षणाने भिंतीत वर चढते. कंबरेपर्यंत लोणा फुटलेला आहे, म्हणजे पाणी उडून गेल्यावर त्यातील क्षार गिलाव्यावर उरले आहेत.

अभियंत्याने ओल मोजण्याच्या यंत्राच्या दोन सुया भिंतीत टोचल्या; आकडा टोकाला गेला आणि त्याने जलरोधक सिमेंटचा गिलावा सुचवला. दोन्ही गोष्टी मला पटल्या नाहीत. हे यंत्र विजेचा रोध मोजते, आणि क्षार असलेल्या भिंतीत ती थोडीशी ओली असली तरी रोध फार घटतो, त्यामुळे लोणा लागलेल्या भिंतीवर त्याचा आकडा फुगलेलाच येतो. सिमेंटच्या गिलाव्याने तर जुनी भिंत श्वास घेऊ शकत नाही. खालून आलेले पाणी बाहेर उडू न शकल्याने आणखी वर चढते. काकांच्या शेजारच्या घरी हा उपाय चार वर्षांपूर्वी झाला असून तेथे लोणा आता खांद्यापर्यंत आला आहे. काकांनी शेवटी गल्लीतल्याच एका वृद्ध गवंड्याकडून जुना सिमेंटचा पट्टा खरवडून चुन्याचा गिलावा करून घेतला आणि भिंतीच्या बाहेरून पाणी वाहून नेणारी उघडी चर काढली. भिंत पूर्ण कोरडी झालेली नाही, पण ओलीची कड वीतभर खाली आली आहे. या सेवेने काकांकडून तपासणीचे पूर्ण पैसे घेतले, हे मला खटकले.

आमच्या घरापुरते सांगायचे तर सप्टेंबरातील पावसाच्या तिन्ही मोठ्या रात्री कोपरा कोरडा राहिला. डाग अजून दिसतो, कारण तो आम्ही मुद्दाम रंगवलेला नाही. त्याच्या कडेवर मी आखलेली पेन्सिलची रेघ जूनपासून तिथेच आहे आणि ओल तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही. काँक्रीट आणि विटांच्या आधुनिक घरासाठी, विशेषतः गळतीचे ठिकाण कळत नसेल तर, यांची तपासणी मी निःशंकपणे सुचवीन. लेपाचे काम द्यायचे असल्यास मिस्त्री स्वतः थांबणार का हे आधी लिहून घ्यावे, आणि सात वर्षांच्या हमीत केवळ माल येतो, मजुरी पहिल्या वर्षानंतर आपल्याकडे येते, ही करारातील बारीक अक्षरांतली ओळ वाचावी. पेठांतील दगड-मातीच्या घरांसाठी यांना बोलावू नये. करारात लिहिलेली पावसाळ्यानंतरची मोफत पाहणी अद्याप झालेली नाही. दिवाळीनंतर येतो असे म्हणाले होते, आता संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली आहे.